सौरवादळाचा इशारा आणि आपली रात्र : ध्रुवीय प्रकाशाच्या प्रतीक्षेचे अनुभव

१० मे २०२४ च्या रात्रीचे भूचुंबकीय वादळ, म्हणजे सौरवादळामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात उठलेली खळबळ, जी ५ या सर्वोच्च श्रेणीचे होते. त्या श्रेणीचे वादळ ऑक्टोबर २००३ नंतर प्रथमच झाले. त्या रात्री आकाशात उमटलेल्या ध्रुवीय प्रकाशाची (ऑरोराची) गुलाबी-हिरवी छायाचित्रे बहुतेकांनी पाहिली असतील. मात्र इशारा मिळाल्यापासून आकाशात काही दिसेपर्यंत, किंवा काहीच न दिसता उजाडेपर्यंत, जागणाऱ्यांनी काय पाहिले, काय समजून घेतले आणि कशाला कंटाळून ते घरी परतले, हे छायाचित्रांतून कळत नाही. म्हणून हा धागा काढला आहे. त्या वादळाबद्दल लिहावे, इतर कोणत्याही वादळाबद्दल लिहावे. ज्यांना काही दिसले नाही त्यांनी तर आवर्जून लिहावे.

स्कॉटलंडहून, एडिंबरोजवळून

मे महिन्यात आमच्याकडे पुरेसा अंधार व्हायला रात्रीचे अकरा वाजतात. दुपारीच इशारा आलेला असल्याने आम्ही वस्तीच्या दिव्यांपासून दूर, उत्तरेकडे मोकळे क्षितिज असलेल्या शेताच्या बांधावर जाऊन थांबलो होतो. सवयीप्रमाणे सगळे उत्तरेकडे तोंड करून उभे होते आणि प्रत्यक्षात तो प्रकाश डोक्यावर होता. माथ्याच्या किंचित दक्षिणेला एका बिंदूपासून चहूकडे किरण फाकलेले होते. हे किरण चुंबकीय बलरेषांना समांतर असतात आणि आपण त्यांच्या बरोबर खाली असलो, की ते एका बिंदूतून निघाल्यासारखे भासतात, असे नंतर वाचले.

रंगांबद्दल मात्र प्रांजळपणे लिहायला हवे. फोनच्या पडद्यावर गडद किरमिजी दिसणारा पट्टा डोळ्यांना राखाडीकडे झुकणारा फिकट गुलाबी दिसत होता. मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांतील रंग ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ काम करत नाहीत. फोन मात्र तीन-चार सेकंद प्रकाश साठवत राहतो. किरण सर्वांत तेजस्वी झाले, त्या काही मिनिटांत हिरवा आणि लाल हे दोन्ही रंग नुसत्या डोळ्यांनी स्वच्छ दिसले. कॅमेऱ्यात न येणारी गोष्ट म्हणजे त्याची हालचाल. हिरवा भाग क्षणाक्षणाला फडफडत होता, लाल भाग मात्र सावकाश पसरत आणि विरत होता. हिरवा प्रकाश देणारा ऑक्सिजनचा अणू उद्दीपित झाल्यावर सेकंदाच्या आतबाहेर प्रकाश सोडतो, तर लाल प्रकाशासाठी त्याला जवळजवळ दोन मिनिटे लागतात, हे कळल्यावर त्या संथपणाचा उलगडा झाला.

नॉर्वेहून, ट्रोम्सो

वरचा अनुभव वाचून आनंद झाला आणि थोडी असूयाही वाटली. आम्ही ६९ अंश उत्तर अक्षांशावर राहतो. हिवाळ्यात आमच्या आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसायला कोणत्याही मोठ्या वादळाची गरज नसते, कारण ध्रुवाभोवतीचे त्याचे नेहमीचे वर्तुळाकार कडे आमच्या डोक्यावरूनच जाते. आणि वीस वर्षांतले सर्वांत मोठे वादळ आले ते मे महिन्यात! त्या सुमारास मध्यरात्री सूर्य जेमतेम क्षितिजाखाली जातो आणि आकाश रात्रभर उजळलेले राहते. आमच्याहून कितीतरी दक्षिणेला राहणारे नातेवाईक रात्रभर छायाचित्रे पाठवत होते आणि आम्ही पडदे ओढून झोपायचा प्रयत्न करत होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत ध्रुवीय प्रकाश पाहायला येऊ का, असे विचारणाऱ्यांना माझे हेच उत्तर असते : वादळापेक्षा अंधार आधी पाहा. सप्टेंबर ते मार्च हा काळ ठीक.

अमेरिकेहून, मिशिगनच्या उत्तर भागातून

मला प्रतीक्षेबद्दलच लिहायचे आहे. सुपीरियर सरोवराच्या दक्षिण काठावर उभे राहिले, की उत्तरेकडे क्षितिजापर्यंत फक्त पाणी असते, त्यामुळे इशारा आला की तिथे गाड्यांची गर्दी होते. ज्या रात्रीबद्दल लिहीत आहे, त्या रात्री सूर्याकडून निघालेला भारित कणांचा ढग ठरल्याप्रमाणे पोहोचला होता, सौरवाऱ्याचा, म्हणजे सूर्याकडून वाहत येणाऱ्या कणांच्या झोताचा, वेग चांगला होता, केपी निर्देशांकाचा (भूचुंबकीय खळबळीचे ० ते ९ असे माप) अंदाजही ७ होता, आणि तरीही आकाश कोरेच होते.

कारण बीझेड. सौरवाऱ्यासोबत येणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचा हा घटक दक्षिणेकडे वळलेला असेल, म्हणजे आलेखात शून्याच्या खाली असेल, तरच पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्याच्याशी जोडले जाते आणि ऊर्जा आत शिरते. तो उत्तरेकडे राहिला, तर केवढाही मोठा ढग आला तरी दाराशी थांबलेल्या पाहुण्यासारखा बाहेरच राहतो. आणि बीझेडची दिशा आधी कळत नाही. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख किलोमीटरवरच्या एल १ या बिंदूपाशी असलेल्या यानांना तो ढग भेटतो तेव्हाच ती कळते, म्हणजे आपल्या हाती पाऊण-एक तास उरतो. वारा वेगवान असेल तर त्याहूनही कमी.

आम्ही फोनवर तो आलेख पाहत बसलो होतो. रेघ तासन्‌तास शून्याच्या वर रेंगाळली आणि मध्यरात्रीपर्यंत काठ निम्मा रिकामा झाला. नंतर ती रेघ एकदम खाली आली, उणे १५ नॅनोटेस्लाच्याही (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) पुढे गेली आणि तिथेच टिकली. पाण्यावर आधी एक पांढुरकी कमान दिसली, जिला नवखा माणूस ढगच समजेल. त्या कमानीच्या खालच्या कडेला हिरवी झाक आली, कड तुटली आणि त्यातून उभे खांब वर चढू लागले. केपी निर्देशांक हा तीन तासांचा, साऱ्या पृथ्वीचा मिळून काढलेला आकडा आहे. त्यावरून रात्र आखावी, पण घरी परतायचे की नाही हे त्यावरून ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लडाखहून परतल्यावर

मे २०२४ मध्ये हानले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी आकाशातील लाल आभा टिपली, तेव्हापासून मनात होते. ऑक्टोबरमध्ये जी ४ श्रेणीचे वादळ आले, तेव्हा योगायोगाने आम्ही तिथेच होतो. उत्तरेच्या डोंगररांगेवर डोळ्यांना काहीही दिसत नव्हते. तारे मात्र विलक्षण होते. ट्रायपॉडवर कॅमेरा लावून तीस सेकंदांचे एक्स्पोजर घेतले, तेव्हा रांगेच्या वर तांबूस छटा आली. गावातल्या दिव्यांची असेल, या शंकेने कॅमेरा दक्षिणेकडे वळवून तशाच मापांचे छायाचित्र घेतले. त्यात ती नव्हती.

हानले जवळपास ३३ अंशांवर आहे, तिथून हिरवा पट्टा क्षितिजाखालीच राहतो. लाल प्रकाश दोनशे किलोमीटरहून अधिक उंचीवर निर्माण होतो, म्हणून तेवढाच दुरून दिसतो. माझ्यासोबतच्या मंडळींची निराशा झाली, माझी झाली नाही. मात्र या अक्षांशावरून नाचणारे पडदे दिसतील, अशा आशेने कोणी खर्च करून जाऊ नये.

आइसलँडहून, थोडक्यात

ढग. इशारा जी ३ चा होता, वादळही झाले, बीझेडही अनुकूल होता आणि आमच्यावर रात्रभर ढगांचे झाकण. एकदा ढगाची खालची बाजू क्षणभर हिरवट झाल्याचे दोघांना वाटले, तिसऱ्याला वाटले नाही. बाकी सांगण्यासारखे काही नाही.

एक जुनी नोंद

अनुभव माझा नाही, पण विषयाला धरून आहे. सप्टेंबर १८५९ च्या कॅरिंग्टन वादळाच्या, म्हणजे नोंदल्या गेलेल्या सर्वांत तीव्र वादळांपैकी एकाच्या वेळी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील निरीक्षक चुंबकमापकाची वाचने हाताने टिपत होते. त्यांच्या नोंदींनुसार क्षैतिज चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरले. मे २०२४ मधील घसरण जागतिक सरासरीने ४०० च्या आसपास होती. एका ठिकाणचा आकडा आणि सरासरी यांची थेट तुलना करू नये, हे मान्य. तरीही कल्पना यावी. ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात तर मुंबईतूनही ध्रुवीय प्रकाश दिसल्याची नोंद आहे. लडाखच्या तांबूस छटेला कमी लेखणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

स्वीडनहून, आबिस्को

आइसलँडच्या प्रतिसादाला उत्तर देतो. सौरवादळ आपल्या हाती नाही, पण ढगांच्या बाबतीत थोडे करता येते. आमच्या पश्चिमेच्या डोंगरांवर ढग अडतात आणि टोर्नेट्रेस्क सरोवरावरचे आकाश आसपासच्या प्रदेशापेक्षा अधिक वेळा मोकळे राहते. लोक इथे येतात ते त्यासाठीच. तुमच्याकडे गाडी असेल तर इशारा आल्यावर केपीच्या आधी ढगांचा उपग्रह नकाशा उघडा आणि मोकळ्या पट्ट्याकडे निघा, मग तो दक्षिणेकडे असला तरी चालेल. मोठ्या वादळात प्रकाशाचे कडे दक्षिणेकडेच सरकते, त्यामुळे त्यात फारसे नुकसान नाही. पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री मी स्वतः टाळत नाही. तेजस्वी प्रकाश चांदण्यातही दिसतो आणि बर्फावरची वाट पायाखाली स्पष्ट दिसते.