मेंदू बिघडला की मन बिघडतं. मग आत्म्याचं काय?

रेघ (धागाकर्ता)

"मेंदूला इजा झाली की माणूस बदलतो, सबब आत्मा नाही." हा युक्तिवाद नेहमीचा, उदाहरणं ठरलेली. 1848 मध्ये सुरुंगाच्या कामावर सहा किलोची लोखंडी पहार फिनिअस गेजच्या डाव्या गालातून शिरून कवटी फोडून बाहेर पडली; माणूस वाचला, स्वभाव पालटला. 1953 मध्ये एच. एम. या रुग्णाच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा (मेंदूतला आठवणींशी निगडित भाग) बराच भाग काढला. नव्या घटना लक्षात राहीनाशा झाल्या. उदाहरणं खरी आहेत, निष्कर्ष तोकडा.

हे पुरावे सतराव्या शतकातल्या फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तला लागू पडतात. त्यानं रेघ शरीर आणि मन यांच्यामध्ये ओढली. विचार, इच्छा, संकल्प सगळं आत्म्याच्या खात्यात टाकलं. सांख्यांची (सांख्य हे एक प्राचीन भारतीय दर्शन) रेघ त्याहून वर आहे. बुद्धी, अहंकार, मन आणि दहा इंद्रियं ही सगळी प्रकृतीची, म्हणजे जड. पलीकडे फक्त पुरुष, म्हणजे निव्वळ साक्षी असलेली जाणीव. तो पाहतो, करत काही नाही. गीतेचा तेरावा अध्याय तर इच्छा, द्वेष, सुख, दुःख आणि चेतनासुद्धा क्षेत्रातच, म्हणजे जाणणाऱ्याच्या नव्हे तर जाणल्या जाणाऱ्या बाजूला, मोजतो. पहार लागून स्वभाव बदलला, यात सांख्यांनी दचकावं असं काय आहे?

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात (3.3.54) देहात्मवाद्याला (देह हाच आत्मा म्हणणाऱ्याला) दिलेलं उत्तर आजही लागू आहे. दिवा असला की दिसतं, विझला की दिसत नाही. तेवढ्यावरून पाहणं हा दिव्याचा गुण ठरत नाही. मेंदू आणि जाणीव यांच्याबाबत याहून जास्त कुणी दाखवलंय का?

ठोकताळा

दिव्याचा दाखला उलटतो. पाहणं दिव्याचं नाही हे ठरवतो कसं? दिव्याच्या जागी सूर्यप्रकाश चालतो. उलट दिवा तसाच ठेवून डोळे मिटले की दिसणं बंद. दोन्ही गोष्टी वेगळ्या करून तपासता येतात. मेंदू बाजूला ठेवून जाणीव तपासायची अशी सोय सांगा, मग दिव्यावर बोलू.

आणि रेघ वर सरकवून अडचण गेलेली नाही. बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथनं मे 1643 मध्ये देकार्तला पत्रातून विचारलं की ज्याला आकारमान नाही तो आत्मा शरीराला हलवतो कसा. देकार्तनं दोघांच्या भेटीची जागा म्हणून मेंदूतली पिनिअल ग्रंथी नेमली होती. म्हणजे प्रश्न 'कसं'चा, उत्तर 'कुठे'चं! सांख्यांचा मूळ ग्रंथ सांख्यकारिका (20) म्हणतो, पुरुषाच्या संयोगानं जड बुद्धी चेतन असल्यासारखी होते. हा संयोग कसला? स्पर्श नाही, बळ नाही, पुरुषात बदलही नाही.

रेघ

पुरुष ढकलतच नाही, त्यामुळे एलिझाबेथचा अर्धा प्रश्न गळून पडतो. भौतिक जगातल्या ऊर्जेचा हिशेब जुळायचा तर बाहेरून बळ आत येता कामा नये. देकार्तकडे ते येतं, सांख्यांकडे येत नाही.

कणाद_नव्हे_गौतम

तुम्ही दोघं मिळून ज्ञात्यालाच हाकललंत. न्यायदर्शनात आत्मा कर्ता आहे, इच्छा, द्वेष, प्रयत्न, सुख, दुःख, ज्ञान ही त्याची लिंगं, म्हणजे ओळखायच्या खुणा (न्यायसूत्र 1.1.10). मन हे त्याचं साधन आणि तेही अणू (अणूएवढं सूक्ष्म), कारण एका क्षणी दोन ज्ञानं उपजत नाहीत (1.1.16).

खरा मुद्दा 3.1.1 मध्ये आहे. डोळ्यांनी पाहिलेली वस्तूच आपण हातानं चाचपतो. डोळ्याला स्पर्श कळत नाही, त्वचेला रूप कळत नाही, तरी 'पाहिली तीच ही' असं कळतं. दोघांना जोडणारा तिसरा हवा. मेंदूतही रंग आणि हालचाल यांचं काम बरंचसं वेगवेगळ्या भागांत चालतं. ते एकाच वस्तूचे कसे होतात, याचं सर्वमान्य उत्तर आजही नाही.

करडा_भाग

जोडच कापून पाहिलेली आहे. अपस्मार (फिट्सचा आजार) औषधांनी आटोक्यात येत नसेल तर काही रुग्णांत मेंदूच्या दोन अर्धगोलांमधला सुमारे 20 कोटी तंतूंचा पूल, कॉर्पस कॅलोसम, कापत. मग चाचणी अशी. रुग्णानं पडद्याच्या मध्यावरच्या ठिपक्यावर नजर खिळवायची. ठिपक्याच्या डावीकडे चित्र सेकंदाच्या दहाव्या हिश्शाइतकंच चमकवायचं. जास्त वेळ ठेवलं तर नजर तिकडे वळते, चित्र दोन्ही अर्धगोलांत पोचतं आणि चाचणी फुकट जाते. डावीकडचं चित्र उजव्या अर्धगोलात जातं. बोलणं बहुधा डाव्याकडे असतं. विचारलं तर रुग्ण म्हणतो, काही दिसलं नाही. आणि त्याचा डावा हात (तो मुख्यतः उजवा अर्धगोल चालवतो) आडोशामागे चाचपून नेमकी तीच वस्तू उचलतो.

मेंदूशास्त्रज्ञ गॅझॅनिगाच्या प्रयोगात उजव्या अर्धगोलाला बर्फाचं दृश्य दाखवलं, डाव्याला कोंबडीचा पंजा. समोरच्या चित्रांतून डाव्या हातानं फावडं निवडलं. का निवडलं? बोलक्या अर्धगोलाला बर्फाचा पत्ताच नव्हता, तरी उत्तर तयार: कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतं. कारण जागच्या जागी रचलेलं, आणि रचतोय याची सांगणाऱ्याला गंधवार्ता नाही. तुमचा 'तिसरा' यातला कोणता? एका क्षणी दोन ज्ञानं होत असतील तर अणू मनही गेलं.

कणाद_नव्हे_गौतम

2017 चा पिंटो आणि सहकाऱ्यांचा अभ्यासही वाचा. पूल कापलेले दोन रुग्ण. वस्तू दृष्टिक्षेत्रात कुठेही दाखवली तरी ती दिसली की नाही आणि कुठे, हे ते कोणत्याही हातानं किंवा बोलून सांगू शकले. डावी-उजवीकडच्या दोन वस्तू एकमेकींशी ताडून पाहणं मात्र जमेना. इंद्रियव्यवहार फाटला, ज्ञाता एकच राहिला, असंही यातून वाचता येतं. अणू मनाचा बचाव कठीण आहे, हे मान्य.

करडा_भाग

वाचता येतं, पण गरज नाही. पूल कापला तरी मेंदूच्या खालच्या भागातले मार्ग शाबूत असतात. उरलेला एकपणा त्यांच्यावर चालत असेल.

पाहुणा

आत्म्याचं वजन 21 ग्रॅम भरलं होतं ना?

ठोकताळा

अमेरिकी डॉक्टर मॅकडुगल, 1907. सहा मरणासन्न रुग्ण, दोघांची मोजणी त्यानंच बाद केली, 21 ग्रॅमचा आकडा एकाचाच. पुढे जाऊ.

रेघ

गाढ झोपेचं काय? उठल्यावर माणूस म्हणतो, "सुखानं झोपलो, काही कळलं नाही." तेव्हा कुणी साक्षी नसेल तर हे स्मरण कशाचं?

कणाद_नव्हे_गौतम

स्मरण नव्हे, अनुमान. अंग हलकं वाटतं, मधला काळ रिकामा; त्यावरून ताडलेलं.

ठोकताळा

शिवाय प्रोपोफॉलची भूल दिलेल्यांतले बहुतेक मधलं काहीच सांगू शकत नाहीत. साक्षीलाही भूल चढते का?

करडा_भाग

भुलेचा दाखला जपून वापरा. स्नायू शिथिल करणारं औषध देण्याआधी एका हाताला पट्टा बांधून तो वरच्या रक्तदाबापेक्षा जास्त दाबानं फुगवतात, म्हणजे औषध त्या हातात उतरत नाही आणि तो हलू शकतो. मग भुलेतल्या रुग्णाला "हात दाबा" असं सांगतात. काही जण दाबतात, आणि शुद्धीवर आल्यावर त्यांना काहीही आठवत नाही. आठवत नाही म्हणून जाणीव नव्हती, हा निष्कर्ष इथं कोसळतो. रेघ यांचा साक्षी यानं सिद्ध होत नाही, पण ठोकताळा यांचा मुद्दाही उरत नाही.

ठोकताळा

मान्य, भूल सोडली. मूळ अडचण राहते. पुरुष काहीच करत नसेल तर "मी साक्षी आहे" हे वाक्य टंकलं कुणी? बोटांनी, बोटं स्नायूंनी हलली, स्नायू चेतातंतूंनी. साखळी अख्खी प्रकृतीतली. त्या वाक्यात साक्षीचा हात कुठे?

रेघ

नाहीच. पुरुष आणि प्रकृती यांतला भेदही बुद्धीच दाखवते; कारिका 37 हे उघड म्हणते.

ठोकताळा

मग पुरुष वजा केला तरी हा धागा अक्षरशः असाच निघाला असता. मग हा धागा त्याच्या बाजूचा पुरावा कसा?

कणाद_नव्हे_गौतम

म्हणूनच आम्ही 'प्रयत्न' आत्म्याकडे ठेवला.

करडा_भाग

मग त्या प्रयत्नानं कोणत्या चेतापेशीतला कोणता आयनमार्ग (पेशीच्या आवरणातलं विद्युतभारित कण सोडणारं दार) उघडतो, तेही सांगा. भौतिक कारण अपुरं पडतंय अशी एकही जागा आजवर तिथं सापडलेली नाही.