चिकाटी येते कुठून? माझं सगळं तिसऱ्या आठवड्यात सुटतं

अर्धवट_वही:
मंडळी, माझा प्रॉब्लेम सुरुवातीचा नाहीये, सुरुवात मी झकास करतो. जर्मन शिकायला घेतली, नवी वही, रंगीत पेनं, रोज दोन तास. अठराव्या दिवशी ऑफिसातून उशीर झाला, एक दिवस बुडला, मग दुसरा, आणि मग त्या वहीकडे बघायचीच लाज वाटायला लागली. धावण्याचं तेच झालं, गिटारचंही तेच, ती आता कपाटावर धूळ खातेय. २१ दिवस केलं की सवय लागते म्हणतात म्हणून जिवाचं रान करतो आणि नेमका तिथेच आपटतो. घरचे ऐकवतात, प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे. वाळू भरपूर रगडली हो, तेल काही दिसेना. ज्यांचं वर्षानुवर्षं टिकलंय ते नक्की काय करतात? मोटिवेशनल व्हिडिओ नकोत, सगळे बघून झालेत.

निवांत_कासव:
आधी ते २१ डोक्यातून काढ. १९६० च्या सुमाराला एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनने लिहिलं होतं की पेशंटला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला "किमान" २१ दिवस लागतात, पुढे लोकांनी किमान खाल्लं आणि चेहरापण खाल्ला. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये ९६ जणांवर अभ्यास झाला, २०१० ला छापून आला, त्यात गोष्ट आपोआप व्हायला लागायला मधला आकडा ६६ दिवस निघाला, कोणाला १८ तर कोणाला अंदाजे २५४. म्हणजे तू अठराव्या दिवशी स्वतःला नापास करतोस तेव्हा बहुतेकांचं निम्मंसुद्धा झालेलं नसतं. आणि तुझ्या कामाचं म्हणजे, त्यात मधेच एखादा दिवस चुकला तर फारसा फरक पडला नव्हता. तुझी गाडी त्या एका दिवसाने नाही, नंतरच्या लाजेने घसरतेय.

खडूस_मास्तर:
एक अवांतर. ती वाळूची ओळ चिकाटीवर नाहीचे मुळात! पुढे मृगजळ पिऊन तहान भागते, सशाला शिंग सापडतं असं सगळं येतं, आणि शेवटी काय तर एकवेळ हे होईल पण मूर्खाची समजूत घालता येणार नाही. अर्धी ओळ उचलून आपण पोरांना वाळू रगडायला बसवलं.

आता मुद्दा. प्रत्येक सुटलेली गोष्ट परत धरायलाच हवी असं कोणी सांगितलं? तीन गोष्टी एकदम घेतल्यास, त्यातली मनापासून हवी असलेली कुठली? बाकीच्या खुशाल सोड, त्याला हार म्हणत नाहीत. आणि धरलेली गोष्टसुद्धा एकाच वाटेने रेटायची गरज नसते. अँड्र्यू वाइल्स नावाचा गणितज्ञ १९८६ पासून सात वर्षं फर्माच्या प्रमेयाला, म्हणजे गणितातल्या एका जुन्या न सुटलेल्या कोड्याला, चिकटून होता, १९९३ ला सिद्धता जाहीर केली तर तपासताना तिच्यात भोक निघालं. वर्षभर ठिगळं लावून बघितली, जमेना. १९९४ च्या सप्टेंबरात सुचलं ते काय, तर आधी स्वतःच टाकून दिलेली एक पद्धत इथे जोडली की बसतंय. माणूस प्रमेयाला चिकटला होता, पद्धतीला नाही.

सहावी_तार:
अकरा वर्षं गिटार वाजवतेय म्हणून सांगते, तिसरा आठवडा वाईटच असतो. बोटांची टोकं हुळहुळलेली असतात, सोप्या कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे सूर, झालेल्या असतात आणि समोर एफ कॉर्ड येऊन उभी राहते, एक बोट आडवं टाकून सगळ्या तारा दाबायच्या, आवाज येतो फक्त खडखड. तिथे रोज दोन तास बसलास तर वैतागच येणार. मी तेव्हा दहा मिनिटं वाजवायचे, मेट्रोनोम, ते टिकटिक करून लय देणारं यंत्र, एकदम स्लो, सी वरून एफ आणि परत सी, बास. एबिंगहाऊस नावाच्या माणसाने स्वतःवरच पाठांतराचे प्रयोग केले होते, १८८५ मध्ये छापले, एका दिवसात ६८ वेळा घोकून जे झालं तेच तीन दिवसांत विभागून ३८ वेळांत झालं. म्हणजे दहा मिनिटं ही काही आळशी लोकांची सवलत नाहीये.

आणि गिटार कपाटावरून खाली काढ आधी. माझी खुर्चीशेजारी स्टँडवर असते, कव्हरची चेन उघडायलासुद्धा मला कंटाळा येतो, खरंच.

अर्धवट_वही:
मास्तर, तुमचा प्रश्न लागला. विचार केला तर जर्मन मी फक्त ऑफिसातले दोघं शिकतायत म्हणून घेतली होती, ती सोडली आजपासून, हलकं वाटतंय. धावणं सध्या बाजूला. गिटार खाली काढली, दोन तारा गंजल्यात, स्टँड नाही म्हणून सोफ्याला टेकवलीय. काल सात मिनिटं झाली, आज चार. ताई, एफला ती वरची तार माझी अजिबात वाजत नाही, बोट चुकतंय का जोर कमी पडतोय?

सहावी_तार:
जोर नाही, बोट सपाट ठेवतोयस. किंचित कडेवर वळव आणि फ्रेटच्या, म्हणजे दांडीवरच्या आडव्या धातूच्या, पट्टीजवळ सरक. तारा मात्र बदल आधी.