ऑफिसच्या ईमेलवर जीपीजीची सही: कामाची गोष्ट की नुसती हौस?

वाशीचा_सीएचए

मंडळी, वाद घालायलाच धागा काढलाय, तेव्हा बिनधास्त भांडा.

मी सीएचए, म्हणजे कस्टम्स एजंट. आमचं वाशीला छोटं ऑफिस, न्हावा शेवा बंदरातली क्लिअरिंग-फॉरवर्डिंगची कामं. या धंद्यातल्यांना "बँक डिटेल्स चेंज" वाली मेल नवीन नाही. परदेशातल्या एजंटच्या मेलबॉक्सचा पासवर्ड कोणीतरी उडवतो, गुपचूप बसून सगळा पत्रव्यवहार वाचतो, आणि नेमकं फ्रेटचं, म्हणजे मालभाड्याचं, पेमेंट सुटायची वेळ आली की त्याच थ्रेडमध्ये, त्या एजंटच्याच इंग्रजीत, बीएल (जहाजावरच्या मालाची पावती) नंबरसकट रिप्लाय येतो की आमचं जुनं खातं ऑडिटमध्ये अडकलंय, या नव्या खात्यात टाका. ओळखीतल्या एका पार्टीचे पैसे असेच गेले. मेल खऱ्या मेलबॉक्समधून आलेली, त्यामुळे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या मेल कुठून आली ते बघणाऱ्या तपासण्या सगळ्या पास, आयटीवाला पोरगा म्हणतो मेल तर जेन्युइन आहे. आहेच की जेन्युइन, पाठवणारा तेवढा दुसरा होता.

माझं मत असं की बँक डिटेल्स आणि इनव्हॉइस यांच्यावर तरी जीपीजीची सही हवीच. जीपीजी म्हणजे फाइलवर डिजिटल सही करायचं किंवा ती एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, करायचं सॉफ्टवेअर. त्यात दोन की असतात, प्रायव्हेट आपल्याकडे ठेवायची, तिने सही होते, पब्लिक सगळ्यांना द्यायची, तिने सही तपासतात. मेलबॉक्सचा पासवर्ड गेला तरी प्रायव्हेट की आपल्या लॅपटॉपवर असते, चोराकडे ती नाही, म्हणजे त्याला सही करता येणार नाही. फुकट आहे, लिनक्सवर बहुतेक वेळा आधीच असतं, विंडोजला जीपीजीफोरविन टाकायचं. मेलच्या मजकुरावर सही करायच्या फंदात मी पडत नाही, वाटेत कोणीतरी ओळी मोडतो नाहीतर कंपनीचा सर्व्हर खाली डिस्क्लेमर चिकटवतो आणि सही "बॅड" दाखवते. सरळ पीडीएफवर वेगळी सही करायची, "जीपीजी --आर्मर --डिटॅच-साइन इनव्हॉइस.पीडीएफ", बाजूला छोटी एएससी फाइल तयार होते, दोन्ही जोडून पाठवा. समोरचा "जीपीजी --व्हेरिफाय" मारतो, काम संपलं. पीडीएफमधला खाते नंबरचा एक आकडा जरी बदलला तरी लगेच कळतं.

एन्क्रिप्शनबद्दल मी बोलत नाहीये, ते वेगळं भांडण आहे.

नौपाडा_नाना

वेगळं का रे बाबा? अर्धंच का करायचं? सही आणि एन्क्रिप्शन एकाच कमांडमध्ये होतं, मधे दोन ऑप्शन जास्त टाकायचे एवढंच.

तुम्हा पोरांना हे आयतं मिळालंय म्हणून किंमत नाही. फिल झिमरमनने १९९१ साली पीजीपी, म्हणजे जीपीजीचा पूर्वज, लोकांना वाटलं तर अमेरिकन सरकारने त्याच्यामागे चौकशी लावली, का तर तेव्हा तिकडे तगडं एन्क्रिप्शन म्हणजे शस्त्रास्त्रांच्या यादीतली चीज, परवान्याशिवाय देशाबाहेर जाता कामा नये. मग त्यांनी काय केलं, सगळा सोर्स कोड पुस्तक म्हणून छापला, कारण पुस्तक बाहेर पाठवायला कोण अडवणार! १९९६ ला चौकशी गुंडाळली. पुढे जर्मनीतल्या वर्नर कॉखने जीएनयूपीजी, म्हणजे हेच आपलं जीपीजी, लिहिलं, १९९९ ला १.० आलं, आणि हा माणूस कित्येक वर्षं जवळजवळ एकट्याने, तुटपुंज्या पैशात ते सांभाळत होता, २०१५ ला बातमी झाली तेव्हा कुठे देणग्या आल्या. २०१३ ला अमेरिकेची पाळत उघडी पाडणाऱ्या स्नोडेनने पत्रकारांना गाठलं तेव्हाही पीजीपीच होतं. आणि आपण वाशीत बसून म्हणायचं की एन्क्रिप्शन नको, जड पडतं.

ऐरोली_फ्लेमिंगो

नाना, इतिहास भारी आहे, पण इतिहासाने पेमेंट वाचत नाही. मी सिक्युरिटीतच काम करतो, ऐरोलीलाच, आणि माझं स्पष्ट मत आहे की २०२० नंतर कोणाला नव्याने जीपीजी शिकवणं म्हणजे त्याचा छळ आहे.

१९९९ मध्येच एक प्रयोग झाला होता, पीजीपी ५.० घेऊन १२ जणांना बसवलं, दीड तास दिला, त्यातल्या एक तृतीयांश लोकांनाच मेल नीट साइन आणि एन्क्रिप्ट करून पाठवता आली. तेव्हा तर खिडक्या-बटणांचं व्हर्जन होतं, तुम्ही डॉक्युमेंटेशनवाल्या मुलीला काळी स्क्रीन दाखवणार.

२०१८ ला ईफेल नावाचा हल्ला निघाला, मेलमध्ये एचटीएमएल घुसवून डिक्रिप्ट झालेला मजकूर इमेजच्या लिंकमधून बाहेर काढायचा. २०१९ ला कोणीतरी पीजीपीतल्याच दोन जुन्या लोकांच्या कीवर कीसर्व्हरवर (पब्लिक की ठेवायची सार्वजनिक जागा) सुमारे दीड लाख खोट्या सह्या चढवल्या, ती की इम्पोर्ट केली की जीपीजी आडवं पडायचं. पायथॉनची पॅकेजं वाटणाऱ्या पायपीआयने २०२३ ला पीजीपी सह्या घेणंच बंद केलं. फॉरवर्ड सिक्रसी नाही, म्हणजे उद्या की चोरीला गेली तर आजवरच्या सगळ्या मेल उघड्या. आणि सब्जेक्ट लाइन तर सहसा उघडीच जाते, "अर्जंट पेमेंट अमुक पार्टी" असं वर लिहून खाली एन्क्रिप्ट केलं तर काय लपवलं?

आता मूळ मुद्दा, सीएचए भाऊ. तुमची सही समोरच्याने तपासायची तर तुमची पब्लिक की तुमचीच आहे हे त्याला कसं कळणार? कोणीही तुमच्या नावाची, तुमच्या ईमेलची की दोन मिनिटांत बनवतो आणि व्हेरिफाय केलं की जीपीजी "गुड सिग्नेचर फ्रॉम" तुमचंच नाव दाखवतं. मग फिंगरप्रिंट, म्हणजे कीची ओळख सांगणारी अक्षरं, जुळवायचा, बरोबर? कसा? फोनवर वाचून. अहो मग फोनवर खाते नंबरच वाचा की! चाळीस अक्षरांचा फिंगरप्रिंट वाचण्यापेक्षा खाते नंबर छोटा असतो.

घोडबंदर_रड्या

😂😂 शेवटचा पॅरा फ्रेम करून लावा कोणीतरी

वाशीचा_सीएचए

फ्लेमिंगो, टोला चांगला होता, मानलं. पण फिंगरप्रिंट एकदाच वाचायचाय, खाते नंबर दर वेळी. समोरचा इस्तंबूलला, नाहीतर हो ची मिन्हला, इकडे शुक्रवारी संध्याकाळी डीओ (माल सोडायची डिलिव्हरी ऑर्डर) सुटत नाही म्हणून पार्टी बोंब मारतेय, त्या वेळी फोन लागत नाही आणि लागला तरी उचलणारा माणूस तोच आहे याची काय गॅरंटी, आता तर आवाजही बनवतात. फिंगरप्रिंट मात्र शांतपणे, व्यवहार नसताना, व्हिडिओ कॉलवर नाहीतर एजंट मुंबईला येतो तेव्हा समोरासमोर जुळवता येतो. जुळला की "लोकल साइन" करायचं, म्हणजे पुढच्या वेळी ती "की इज नॉट सर्टिफाइड" वाली वॉर्निंग येत नाही. खोट्या नावाची की आली तर येते. म्हणजे वॉर्निंग दिसली की थांबायचं, एवढंच स्टाफला शिकवायचं. आणि शेवटची आठ अक्षरं बघून "हो तीच आहे" म्हणायचं नाही, आठ अक्षरं जुळणारी खोटी की बनवता येते, पूर्ण चाळीस बघायची.

कीसर्व्हरशी मला काही घेणंदेणं नाही, आम्ही की थेट पाठवतो.

नौपाडा_नाना

आणि फ्लेमिंगो, ईफेलचं खापर जीपीजीवर फोडू नकोस. मेल प्रोग्रॅमनी एचटीएमएल आणि बाहेरच्या इमेज लोड केल्या म्हणून ते झालं. टर्मिनलमध्ये डिक्रिप्ट करणाऱ्याला कुठली इमेज आणि कुठलं काय? म्हणून तर मी म्हणतो कमांड लाइनच बरी. काळी स्क्रीन बघून लोक घाबरतात त्याला आपण काय करणार, याच लोकांनी डॉसवर टॅली चालवलंय.

पाचपाखाडीची_सीए

नाना, डॉसवर टॅली मीही चालवलंय, तरी नको.

माझी ठाण्यात प्रॅक्टिस आहे. क्लायंटची कागदपत्रं म्हणजे पॅन, आधार, बँक स्टेटमेंट, सगळं मेलवर येतं, त्यामुळे गुप्ततेची काळजी मला तुमच्यापेक्षा जास्त आहे. आज काय चालतं? पासवर्डवाली पीडीएफ. ई-आधारचा पासवर्ड नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्माचं वर्ष, आयटीआरच्या पोचपावतीचा पॅन आणि जन्मतारीख. म्हणजे ज्याच्याकडे माणसाची जुजबी माहिती आहे त्याला सगळं उघडं. दाराला कुलूप लावून किल्ली पायपुसण्याखाली ठेवतात तसला प्रकार. तेव्हा एन्क्रिप्शन हवं या मुद्द्याला माझा विरोध नाहीच.

विरोध कुठे आहे सांगते. एका क्लायंटच्या हट्टापायी आम्ही ऑफिसात जीपीजी वापरून पाहिलं. त्याच्या कीने एन्क्रिप्ट करून मेल पाठवली, आणि नंतर असेसमेंटची नोटीस आली म्हणून सेंट आयटममधून तीच मेल उघडायला गेलो तर आमचीच मेल आम्हाला वाचता येईना, कारण ती फक्त त्याच्या कीने लॉक झालेली. सेटिंगमध्ये स्वतःची की पण जोडायची ओळ असते ती कोणी टाकली नव्हती. ते सुधारलं. मग मेलबॉक्समध्ये सर्च चालेना, "जीएसटी रिफंड" टाकलं तर शून्य रिझल्ट, सगळं गिचमिड अक्षरांत. मग ज्या आर्टिकलच्या (आमच्याकडे शिकणाऱ्या पोराच्या) लॅपटॉपवर की होती त्याची आर्टिकलशिप संपली आणि तो गेला. पासफ्रेज त्याच्या डोक्यात. आम्हाला रेकॉर्ड वर्षानुवर्षं ठेवावं लागतं हो, तुमची फॉरवर्ड सिक्रसी राहू दे बाजूला, मला बॅकवर्ड वाचता आलं पाहिजे!

आणि कायद्याचं पण बोला कोणीतरी. आयटी ॲक्ट २००० प्रमाणे डिजिटल सिग्नेचर म्हणजे लायसन्स असलेल्या सर्टिफाइंग अथॉरिटीने दिलेलं सर्टिफिकेट लागतं. जीपीजीची की तुम्ही घरी बसून बनवता, तांत्रिकदृष्ट्या कितीही पक्की असली तरी त्या सहीला डीएससीचा, म्हणजे अशा सर्टिफिकेटवाल्या सहीचा, दर्जा नाही. सीएचए लोकांकडे कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलसाठी डीएससीचं डोंगल असतंच ना? त्यानेच पीडीएफ साइन करा, दोन्ही कामं होतील.

वाशीचा_सीएचए

ताई, डोंगल आहे, ड्रॉवरमध्ये. आणि ते शेठच्या नावाचं आहे, त्याचा पिन अख्ख्या ऑफिसला माहीत आहे, हे तुम्हाला सांगायला नको 🙏 शिवाय परदेशातला एजंट आमची डीएससीवाली पीडीएफ उघडतो तेव्हा त्याच्याकडे बहुतेक वेळा "सिग्नेचर व्हॅलिडिटी अननोन" येतं, आपल्या सीसीएचं (सर्टिफाइंग अथॉरिटींवरचं सरकारी कार्यालय) रूट सर्टिफिकेट त्याने कशाला टाकून ठेवलं असेल? भारतातल्या पार्टीसाठी डीएससी ठीक, वाद नाही. मला कोर्टात सही सिद्ध करायची नाहीये, पैसे जायच्या आधी थांबायचंय.

बाकी एन्क्रिप्शनची तुमची कहाणी वाचली आणि म्हणूनच मी आधी म्हटलं की ते वेगळं भांडण. सहीत फाइल सगळ्यांना वाचता येते, सर्च चालतं, कोणी सोडून गेला तरी जुनं काही अडकत नाही. बिघडलं तर फक्त तपासता येत नाही, एवढंच.

ऐरोली_फ्लेमिंगो

"एवढंच" नाही ना भाऊ, खरी गोम तिथेच आहे. चोर सही बनवायला जाणारच नाही, तो सहीशिवाय मेल पाठवेल. "आमचा साइनवाला लॅपटॉप रिपेअरला दिलाय, सोमवारी सही पाठवतो, पेमेंट मात्र आज हवं." आणि तुमच्या ऑफिसातला माणूस शुक्रवारी संध्याकाळी ते सोडून देईल. सही असणं उपयोगी तेव्हाच, जेव्हा सही नसली तर व्यवहार अडतो. तो नियम शेठ पाळणार आहेत का? पाळणार असतील तर मग "नवीन खातं आलं की जुन्या नंबरवर फोन केल्याशिवाय पेमेंट नाही" हा नियमही पाळतील, आणि त्याला कुठलं सॉफ्टवेअर लागत नाही.

आणि सही खरी म्हणजे माणूस खरा असंही नाही. २०२४ चं एक्सझेड प्रकरण बघा, लिनक्समधलं फाइल दाबून लहान करायचं टूल, त्याचं बॅकडोअर (चोरदार) असलेलं व्हर्जन मेंटेनरच्याच कीने साइन होऊन बाहेर पडलं होतं. सही व्यवस्थित जुळत होती.

नौपाडा_नाना

पण ते एक्सझेड सोडलं तर रोज जगभर करोडो मशीन अपडेट होतात ते कोणाच्या जीवावर? डेबियन-उबुंटू लिनक्सचं पॅकेज लिस्टिंग ओपनपीजीपीने, म्हणजे याच पीजीपीच्या स्टँडर्डने, साइन झालेलं असतं म्हणून तर त्यांचा एपीटी प्रोग्रॅम बिनघोर अपडेट मारतं. फ्लेमिंगो, तूही रोज सकाळी तेच वापरतोस, चहा पिता पिता, आणि इथे येऊन शिव्या देतोस.

ऐरोली_फ्लेमिंगो

तिथे तपासणारं मशीन आहे नाना, कंटाळत नाही आणि शुक्रवारी घाईत नसतं. म्हणून तिथे चालतं. माझी तक्रार ईमेलपुरती आहे, हे मी पहिल्यापासून म्हणतोय.

वाशीचा_सीएचए

हे मात्र पटलं, आणि यावरून सुचलं ते सांगतो. मेल आली की अकाउंट्सवालीने व्हेरिफाय मारायचं असं न ठेवता, इनव्हॉइसचा फोल्डर एका छोट्या स्क्रिप्टला द्यायचा. पीडीएफच्या बाजूला एएससी नाही किंवा सही आपल्याकडे नोंदवलेल्या चाळीस अक्षरांशी जुळत नाही, तर फाइल पेमेंटच्या फोल्डरला जातच नाही. शेठचा फोन आला तरी. स्क्रिप्टने "गुड सिग्नेचर" हे शब्द शोधायचे नाहीत, "--स्टेटस-एफडी" ऑप्शनने जे येतं त्यात "व्हॅलिडसिग" ची ओळ असते आणि त्यात पूर्ण फिंगरप्रिंट असतो, तो जुळवायचा. आणि नवीन खातं असेल तर सही असूनही जुन्या नंबरवर फोन करायचा. दोन्ही ठेवू, मला काही एकाचंच लग्न लावायचं नाहीये.

घोडबंदर_रड्या

आणि एजंट म्हणाला की मी नाही करणार तुमची ती सही-बिही, तर? बिझनेस सोडणार?

वाशीचा_सीएचए

नाही. त्याची फाइल स्क्रिप्टला अडते, मग फोन करूनच सोडायची. ज्यांच्याशी दर महिन्याला मोठी रक्कम फिरते त्यांनाच गळ घालणार आहे, एकजण तयार झालाय, त्याच्याकडे आधीपासून थंडरबर्ड आहे, त्यात ओपनपीजीपी आतच येतं.

पाचपाखाडीची_सीए

करा, पण आर्टिकलच्या लॅपटॉपवाली भानगड तुमच्याकडे होऊ देऊ नका. की माणसाच्या नावावर ठेवू नका, ऑफिसच्या अकाउंट्सच्या ईमेलवर बनवा, एक्सपायरी एक-दोन वर्षांची टाका, वाढवता येते नंतर. पासफ्रेज पाकिटात घालून शेठच्या तिजोरीत. आणि की बनवताना जीपीजी आपोआप एक रिव्होकेशन सर्टिफिकेट, म्हणजे की रद्द करायचा कागद, बनवून ओपनपीजीपी-रिव्हॉक्स नावाच्या फोल्डरमध्ये टाकतं, ते कोणी बघतच नाही. त्याची प्रिंट काढून त्याच पाकिटात ठेवा, लॅपटॉप चोरीला गेला तर तेवढंच हातात असतं. वापरायची वेळ आली की फाइलमधल्या "बिगिन पीजीपी" वाल्या ओळीच्या सुरुवातीचा कोलन काढायचा, तो चुकून इम्पोर्ट होऊ नये म्हणून मुद्दाम घातलेला असतो. तो काढून इम्पोर्ट केलं की की रद्द, मग ती रद्द झालेली की सगळ्या एजंटांना पाठवायची. आणि हो, त्या डोंगलचा पिन बदला आजच.

वाशीचा_सीएचए

पिन बदलायला शेठ हवेत, ते पुण्याला गेलेत. सोमवारी.