मदत हवी आहे: रॉयल डॉर्नोकवर पहिल्यांदाच लिंक्स गोल्फ, नागपुरात तयारी कशी करू?

वर्धारोडकर

नमस्कार मंडळी. मेच्या अखेरीस बाबांना घेऊन स्कॉटलंडला जाते आहे. मुक्काम भावाकडे अबर्डीनला, पण जीव अडकलाय तो तिथून आणखी वर, डॉर्नोकमध्ये. रॉयल डॉर्नोकच्या मोठ्या कोर्सवर आम्हा दोघांना वेळ मिळाली आहे. हँडिकॅपचे दाखले पाठवून झाले. बाबांचा 22, माझा 17 (आकडा जितका कमी तितका खेळ चांगला). लिंक्सवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूच्या कोर्सवर, दोघेही कधीच खेळलेलो नाही.

बाबा फौजेत होते. बदली होईल त्या छावणीत गोल्फ खेळले आणि मलाही त्यांनीच शिकवलं. डॉर्नोक हे नाव मी त्यांच्या तोंडून लहानपणापासून ऐकते आहे. तिथे 1616 पासून गोल्फची नोंद आहे, जुन्या काळचा नामवंत गोल्फपटू ओल्ड टॉम मॉरिस याने तिथला कोर्स आखला आणि अमेरिकेत पाइनहर्स्ट नंबर 2 हा कोर्स आखणारा डोनाल्ड रॉस 1872 मध्ये याच गावात जन्मला. बाबांना हे सगळं पाठ आहे. त्यांचे गुडघे साथ देताहेत तोवर हे व्हावं अशी फार इच्छा आहे, म्हणून जरा बारकाईने विचारते.

आमची सवय पूर्ण नागपूरची. काळी माती, दोन्ही बाजूंना झाडं, चेंडू उंच मारायचा आणि ग्रीनवर, म्हणजे छिद्राभोवतीच्या आखूड हिरवळीवर, पडला की थांबतो. वारा म्हणजे मृगाआधीचं वादळ, तेही तासाभरात ओसरतं. तिथे वाळूची जमीन, बारीक फेस्क्यू गवत, आडोशाला झाड नाही आणि शेजारी उघडा समुद्र. व्हिडिओ भरपूर पाहिले, पण सल्ले सगळे तिथेच राहणाऱ्यांसाठी. एप्रिल-मेच्या नागपुरात, सकाळी नवाच्या आत, नेमका कशाचा सराव करावा? बॅगेत काय ठेवावं, काय काढावं? बाबांनी अठरा होल चालावेत का? आणि त्या पॉट बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खोल खड्ड्यांतून, बाहेर कसं यायचं? त्यांच्या भिंती पाहूनच पोटात गोळा येतो.

फुटाळ्याचा वारा

ताई, वेळ मिळाली हेच मोठं काम झालं. मी तिथे खेळलो आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

डॉर्नोकची खरी परीक्षा ग्रीनच्या आजूबाजूला होते. बरीच ग्रीन्स उंचवट्यावर आहेत आणि कडा गोलसर उतरत्या. दुसरा होल पार 3 (तीन फटक्यांत संपवायचा) आहे. तिथे चेंडू जरा आखूड किंवा बाजूला पडला की उतारावरून घरंगळत खाली येतो आणि तिथून वर चढवताना भलेभले घाम गाळतात. चौदाव्याचं नाव फॉक्सी. त्यावर एकही बंकर नाही, तरी तो कोर्समधल्या सगळ्यात अवघड होलमध्ये गणला जातो, कारण ग्रीन उंच आहे आणि आडवं पसरलेलं आहे. रॉसने अमेरिकेत जी ग्रीन्स केली त्यांचं मूळ तुमच्या बाबांना इथे पायाखाली सापडेल.

अशा ठिकाणी वेजने (चेंडू उंच उडवणाऱ्या क्लबने) मारलेला नाजूक फटका चालत नाही. गवत इतकं आखूड आणि जमीन इतकी टणक असते की क्लब आपटून वर उसळतो. 60 डिग्रीचा वेज घरीच ठेवा. सात किंवा आठ नंबरच्या आयर्नने (धातूच्या पात्याच्या क्लबने) चेंडू जमिनीलगत सोडा आणि पळू द्या. ग्रीनच्या बाहेर पंधरा-वीस यार्डांवर असाल तरी बिनधास्त पटर (चेंडू घरंगळवायचा क्लब) घ्या. तिथले म्हातारे सभासदही तेच करतात.

मेमध्ये गॉर्स हे काटेरी झुडूप पिवळ्याधमक फुलांनी भरलेलं असतं. दिसायला अतिशय सुंदर, पण त्यात गेलेला चेंडू बोरीच्या जाळीत गेला समजा. हात घालू नका, दुसरा चेंडू काढा.

यांत्रिकी विभाग

हवेच्या घनतेचा हिशेब कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटरवर. इथे 42 अंशांत हवा विरळ असते. डॉर्नोकला समुद्रसपाटी आणि समजा 12 अंश. आकडेमोड केली तर तिथली हवा जवळपास 14 टक्के जड येते. त्यात गार चेंडू कमी उसळतो. माझा अंदाज, तुमचा इथला 150 यार्डांचा फटका वारा नसतानाही तिथे 140 च्या आसपास पडेल. तेव्हा पहिल्या टीपासूनच (सुरुवातीच्या फटक्यापासूनच) एक क्लब मोठा घ्या.

समोरून वारा असेल तर आणखी मोठा घ्या, पण ताकद कमी लावा. जोरात मारलं की चेंडूला उलटी फिरकी जास्त बसते, तो वर चढतो आणि तिथेच मरतो. सरावाला वारा लागत नाही. चेंडू पायांच्या मध्यापासून किंचित मागे ठेवून, पाच नंबरच्या आयर्नने अर्धा स्विंग. रोज तीसेक चेंडू मारा, महिन्याभरात हात बसेल.

मानेवाडा मेल

ताई, बंकरचं कायले टेन्शन घेऊन राहिल्या! भिंतीला चेंडू चिकटला असंल तर होलकडे मारायचा हट्टच सोडा. आडवा मारा, मागं मारा, पण एका फटक्यात बाहेर या. अगदीच अडकला तर नियम 19 पाहून ठेवा: एक दंड घेऊन बंकरमध्येच दोन क्लबच्या आत, होलच्या जवळ न जाता ड्रॉप करता येते, म्हणजे चेंडू हातातून खाली सोडता येते. दोन दंड घेतले तर बंकरच्या बाहेर, होल आणि चेंडूच्या सरळ रेषेत मागं. हा दोन दंडांचा पर्याय 2019 पासून आला, बऱ्याच जणांना माहीतच नाही.

दुसरं, आपल्याकडं आगेवाला (चेंडूवर नजर ठेवणारा पोऱ्या) समोर उभा राहून चेंडू पाहतो. तिथं ते नाही. शोधायला तीनच मिनिटं भेटतात. चेंडू पडतो तिथपर्यंत नजर हलवू नका, मागचं एखादं झुडूप खूण म्हणून धरून ठेवा.

छावणीतला जुना

तुमचे वडील फौजेत होते हे वाचून राहवलं नाही. त्यांना विचारा, ब्राऊन्सवर खेळलेत का? आमच्या काळी लहान छावण्यांत हिरवी ग्रीन्स परवडत नसत. वाळूत तेल मिसळून, दाबून ब्राऊन केलेलं असे. त्याच्या भोवती कडक जमीन. चेंडू आधीच टाकायचा आणि पळत आणायचा, दुसरा इलाजच नव्हता. असं खेळलेल्या माणसाला डॉर्नोकमध्ये नवीन फार काही शिकावं लागणार नाही. उलट तुम्हीच त्यांच्याकडून शिका. मेमधला नागपूरचा तडकलेला, पाणी न मारलेला फेअरवेचा (होलकडे जाणाऱ्या मोकळ्या पट्ट्याचा) कोपरा शोधा आणि तिथे दोघं सात नंबर घेऊन बसा. पावसाळ्यातल्या गोल्फपेक्षा हे लिंक्सच्या कितीतरी जवळचं आहे.

चालण्याबद्दल: वाळूवरची हिरवळ गुडघ्यांना सौम्य असते. सहाव्याहून सातव्याकडे मात्र चांगला चढ आहे. कॅडी आधी सांगून ठेवा. बॅग तो घेईल आणि रेषाही सांगेल. तुमचे वडील त्या चढावर थांबले तर तुम्हीही थांबा, खालचा किनारा पाहा, घाई करू नका.

वर्धारोडकर

काका, बाबांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते एकदम ताठ बसले! ब्राऊन्सवर वर्षानुवर्षं खेळले आहेत, मला कधी सांगितलंच नव्हतं. आज पहाटे कोर्सच्या मागच्या उघड्या पट्ट्यावर गेलो आणि त्यांनी चेंडू असे पळवले की मी बघत राहिले. कॅडीसाठी मेल केली आहे. 60 चा वेज बाहेर काढला, त्या जागी जादा रेन ग्लोव्ह्ज आणि लोकरीची टोपी.

आता दोनच गोष्टी. एकूण फटके मोजायचे की मॅच प्ले, म्हणजे होलागणिक हार-जीत? आणि अबर्डीनहून त्याच दिवशी जाऊन येणं जमेल का? भावाला गाडी घेऊन सुट्टी मिळेलच असं नाही.

फुटाळ्याचा वारा

मॅच प्लेच खेळा. वाऱ्यात एखाद्या होलवर नऊ-दहा फटके होतात. एकूण फटके मोजत बसलात तर उरलेला दिवस तोच आकडा डोक्यात राहतो. मॅच प्लेमध्ये तो होल गेला, पुढच्यावर बरोबरी. हँडिकॅपच्या फरकाएवढी, म्हणजे 5 फटक्यांची, सूट बाबांना द्या.

त्याच दिवशी परत येऊ नका, डॉर्नोकमध्ये रात्र काढा. अबर्डीन ते इन्व्हर्नेस रेल्वे आहे, तिथून उत्तरेकडच्या गाडीने टेन या गावापर्यंत. डॉर्नोकची स्वतःची रेल्वे 1960 मध्येच बंद झाली, त्यामुळे टेनहून टॅक्सी आधी ठरवून ठेवा. स्वतः चालवायची असेल तर आपला लायसन्स पाहुण्यांना वर्षभर चालतो आणि गाडी डावीकडूनच. मेअखेरीस सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. दुपारची वेळ असली तरी अठरा होल उजेडात निवांत होतात.