एझर्ड चार्ल्स: जो लुईसला हरवणारा, एवढीच ओळख का?

रातकिडा:
बॉक्सिंगमधल्या हेवीवेट म्हणजे सगळ्यात वजनदार गटाच्या चॅम्पियनचा विषय निघाला की गाडी जो लुईसवरून सुटते ती थेट रॉकी मार्सियानोवर जाऊन थांबते, तिथून अली. मधलं एझर्ड चार्ल्सचं नाव कुणी घेत नाही, घेतलंच तर "म्हाताऱ्या लुईसला हरवलं तोच ना" एवढंच. मला हे मनापासून खटकतं म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं की चार्ल्सचं खरं काम हेवीवेटमधलं नाहीच, ते त्याआधीचं, 175 पौंडांपर्यंतच्या, एक पायरी खालच्या लाइट हेवीवेट गटातलं, आणि तिथे त्याला टायटल फाइट कधी मिळालीच नाही. 1942 ला, वय 20, चार्ली बर्लीला लागोपाठ दोनदा हरवलं, ज्या बर्लीच्या वाटेला त्या काळचे चॅम्पियन जायला तयार नव्हते. मग लष्करात गेला, परत आला आणि 1946 ते 48 मध्ये आर्ची मूरला तीनदा हरवलं, तिसऱ्यांदा तर आठव्या राउंडला नॉकआउट. लॉइड मार्शलने त्याला 1943 ला झोपवलं होतं, त्याची दोनदा परतफेड केली. जॉय मॅक्सिमला एकूण पाचदा. आता बघा, हाच मॅक्सिम 1950 ला लाइट हेवीवेट चॅम्पियन झाला, त्याच्याकडून 1952 ला मूरने टायटल घेतलं आणि पुढे वर्षानुवर्षं सांभाळलं. आणि त्या दोघांना मिळून आठदा हरवणारा माणूस लाइट हेवीवेट चॅम्पियनच्या यादीत कुठेच नाही! हे तुम्हाला विचित्र वाटत नाही का?

सांगलीकर:
लेख म्हणून छान, पण असहमत. तुम्ही फक्त त्याची चांगली वर्षं मोजताय. रेकॉर्डमध्ये 25 पराभव आहेत हो, ते कुठे गेले? हेवीवेट म्हणून बघा ना. 1949 ला लुईस रिटायर झाल्यामुळे रिकामी झालेली जागा त्याला मिळाली, 1950 ला लुईसला हरवलं तेव्हा लुईस 36 वर्षांचा, इन्कम टॅक्सची थकबाकी फेडायला परत उतरलेला, दोन वर्षं टायटल फाइट नाही. आणि 1951 ला पिट्सबर्गला जर्सी जो वॉलकॉटने, वय 37, सातव्या राउंडला एका लेफ्ट हुकवर त्याला आडवा केला. लोक विसरतात ते उगाच नाही विसरत.

अनघा_के:
लुईस म्हातारा होता हे सगळे सांगतात, वजनाचं कुणीच सांगत नाही. लुईस 218 पौंड आणि चार्ल्स 185 च्या आतबाहेर. तीसेक पौंड जास्तीचा माणूस, तोही लुईस, ज्याला बघत चार्ल्स लहानाचा मोठा झाला, त्याच्यासमोर यांकी स्टेडियममध्ये पंधरा राउंड उभं राहून, नुसतं पळून नाही तर आत शिरून जॅब म्हणजे पुढच्या हाताचे सरळ ठोसे मारून त्याचा डोळा सुजवून जिंकणं याला नशीब म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

आणि 25 पराभवांचं, त्यातले साधारण निम्मे सप्टेंबर 1954 नंतरचे आहेत, जेव्हा तो संपलेला होता आणि पैशांसाठी 1959 पर्यंत लढत राहिला. पुढे त्याला एएलएस हा स्नायू निकामी करत जाणारा मज्जासंस्थेचा आजार झाला, पाय गेले, व्हीलचेअरवर आला आणि 1975 ला वयाच्या 53 व्या वर्षी गेला. शेवटच्या वर्षांतले पराभव पहिल्या वर्षांच्या तोंडावर मारायचे हे मला पटत नाही.

जुनाखोंड:
सॅम बरौदीचा उल्लेख कुणीच कसा केला नाही? जानेवारी 1948 ला मूरला नॉकआउट केलं, टायटल फाइट मागायची हीच वेळ होती, ती मिळाली नाही आणि पुढच्याच महिन्यात शिकागोला बरौदीसोबत फाइट झाली. दहाव्या राउंडला नॉकआउट, आणि तो पोरगा गेला. चार्ल्स बॉक्सिंग सोडायला निघाला होता. त्यानंतर तो हात राखून मारायला लागला असं जुने जाणकार म्हणतात, हेवीवेट चॅम्पियन म्हणून लोकांना तो थंड वाटला त्याचं मूळ इथे आहे. पब्लिकला लुईससारखा झोपवणारा हवा होता, याच्याकडे नुसतं बॉक्सिंग होतं.

सांगलीकर:
@जुनाखोंड, बरौदीचं वाईट वाटतं, पण प्रत्येक निवांत फाइटला तेच कारण लावू नका. त्याच वर्षी मे महिन्यात त्याने एल्मर रेला नॉकआउट केलं, आदल्या वर्षी ज्याच्याकडून हरला होता त्यालाच. पंच होता, इच्छाही होती. माझं म्हणणं एवढंच की हेवीवेटमध्ये त्याचा पंच पुरेसा नव्हता. वॉलकॉटसोबत चार फाइट, दोन जिंकला दोन हरला. महान चॅम्पियनचा हिशोब असा बरोबरीत सुटत नाही.

रातकिडा:
चौथीचा निकाल आजही वादात आहे साहेब, तो तुम्ही गुपचूप वॉलकॉटच्या खात्यात टाकलात. आणि त्याने आठ वेळा टायटल राखलं त्याचं काय? त्यात गस लेझ्नेविचही आहे, 46 ते 48 मध्ये लाइट हेवीवेटचा चॅम्पियन होता तोच, ज्याच्याशी तेव्हा चार्ल्सची गाठ पडली नाही. 1949 ला पडली तेव्हा लेझ्नेविच सात राउंडनंतर स्टुलावरून उठलाच नाही. मॅक्सिमला मे 1951 ला हरवलं तेव्हा मॅक्सिम स्वतः लाइट हेवीवेटचा चालू चॅम्पियन होता, पण फाइट हेवीवेट टायटलची, त्यामुळे तो पट्टा काही हातात आला नाही.

अनघा_के:
मार्सियानोच्या दोन फाइट तरी सगळ्यांनी शांतपणे बघाव्यात. जून 1954, चार्ल्स 33 ला टेकलेला. चौथ्या राउंडला मार्सियानोची डाव्या डोळ्याची भुवई फाडली, सुरुवातीचे राउंड सरळ चार्ल्सचे वाटतात, आत शिरणाऱ्या मार्सियानोला उजव्या हाताने थांबवतो आणि लगेच कोनात सरकतो, मग मार्सियानोचा मारा चालू झाला आणि चेहरा सुजत गेला तरी पडला नाही. मार्सियानोसमोर पंधरा राउंड टिकलेला एकमेव माणूस. तीन महिन्यांनी परत लढले, दुसऱ्याच राउंडला चार्ल्स खाली बसला, उठला आणि सहाव्या राउंडला मार्सियानोचं नाक असं चिरलं की कॉर्नरवाल्यांना रक्त थांबेना, फाइट थांबवतील की काय अशी वेळ आली. म्हणून मार्सियानो घाई करून तुटून पडला आणि आठव्याला संपवलं. उतरणीला लागलेल्या चार्ल्सने हे केलं, तर 1947 चा चार्ल्स काय असेल?

सांगलीकर:
"असेल तर" वर रँकिंग होत नाही अनघाताई. दोन्ही हरला, हे रेकॉर्ड. आणि दुर्लक्षित दुर्लक्षित काय लावलंय, जाणकार लोक त्याला लाइट हेवीवेटच्या इतिहासात पहिल्या दोघातिघांत धरतात, 1990 ला बॉक्सिंगच्या हॉल ऑफ फेममध्ये पहिल्याच बॅचला घेतलं, तो वाढला त्या सिनसिनाटीत त्याच्या नावाचा रस्ता आहे.

रातकिडा:
जाणकार धरतात हो, प्रश्न बाकीच्यांचा आहे. त्याच सिनसिनाटीत पुतळा उभा राहिला 2022 ला, माणूस जाऊन 47 वर्षं झाल्यावर. लुईस, मार्सियानोसाठी एवढं थांबावं लागलं असतं का?

सांगलीकर:
लाइट हेवीवेटमध्ये एक नंबर, यावर माझा वाद कधीच नव्हता. पण तुम्हाला तो हेवीवेटच्या पहिल्या दहात हवा असेल तर आधी सांगा, फ्रेझियर, होम्स, लिस्टन, यातल्या कुणाला बाहेर काढू?

जुनाखोंड:
लिस्टनला काढा. कारणं लिहितो रात्री, जेवून.