अमेरिकेत एम.एस. करताना असिस्टंटशिप कशी शोधावी?

प्रश्न
नमस्कार. पुण्यातून मेकॅनिकल अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या माझ्या धाकट्या बहिणीला अमेरिकेतील एका सरकारी विद्यापीठात येत्या ऑगस्टपासून एम.एस.साठी प्रवेश मिळाला आहे, परंतु प्रवेशपत्रात आर्थिक साहाय्याचा उल्लेख नाही. घरावर कर्जाचा फार बोजा पडू नये, अशी तिची इच्छा आहे. असिस्टंटशिप (विद्यापीठात काम करून वेतन किंवा शुल्कमाफी मिळण्याची जागा) मिळवण्यासाठी प्राध्यापकांना ईमेल पाठवण्याखेरीज तिने काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
बहुतेक विभागांत टीए (अध्यापन साहाय्यक) आणि आरए (संशोधन साहाय्यक) या जागा आधी पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांकडे जातात, त्यामुळे एम.एस.च्या विद्यार्थिनीने केवळ स्वतःच्या विभागावर विसंबून राहू नये. ग्रंथालय, वसतिगृहांचा विभाग, लेखन केंद्र, संगणक सेवा, आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय अशा ठिकाणीही जीए (पदव्युत्तर साहाय्यक) नेमले जातात आणि त्या जागा बहुधा विद्यापीठाच्या नोकऱ्यांच्या पोर्टलवर जाहीर होतात. प्राध्यापकांना अवश्य लिहावे, पण एकच मजकूर पन्नास जणांना पाठवू नये. त्यांच्या प्रयोगशाळेचा अलीकडचा एखादा शोधनिबंध खरोखर वाचून, त्यातील कोणते काम आपल्याला करता येईल हे चार ओळींत सांगणारे आणि सोबत रेझ्युमे जोडलेले पत्र वाचले जाण्याची शक्यता कितीतरी अधिक असते.

प्रतिसाद २
वरील मताशी सहमत आहे. जागा मिळाल्यावर नियुक्तीपत्र मात्र बारकाईने वाचावे, कारण काही जागांत पूर्ण ट्यूशन (शिक्षण शुल्क) माफ होते, काहींत निम्मे, तर काहींत फक्त तासावर वेतन मिळते. ट्यूशन माफ झाले तरी विविध शुल्के आणि आरोग्य विमा अनेकदा स्वतःलाच भरावा लागतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांहून अधिक काम करता येत नाही, म्हणून दोन जागा एकत्र घेण्याचा बेत आखताना दोन्हींचे तास मिळवून पाहावेत.

प्रतिसाद ३
ताईंना एक आग्रहाची सूचना. असिस्टंटशिप मिळेलच असे धरून कर्जमंजुरी लांबवू नका, कारण आय-२० साठी (विद्यार्थी व्हिसाकरिता विद्यापीठ देते ते प्रमाणपत्र) पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद आधी दाखवावी लागते. टीए व्हायचे असेल तर टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतील स्पीकिंगचे गुण किंवा विद्यापीठाची स्वतंत्र संभाषण चाचणी पाहिली जाते, तेव्हा ती अट आत्ताच तपासावी. पहिल्या सत्रात जागा मिळाली नाही, तरी ज्यांच्या विषयात चांगली श्रेणी मिळाली त्या प्राध्यापकांना सत्र संपण्यापूर्वीच भेटावे. पुढच्या सत्राच्या नेमणुका पुष्कळदा तेव्हाच ठरत असतात.