मदत हवी आहे: काउंटी जेलसाठी 'स्कॅप'चा अर्ज, यादीत नेमकी कुणाची नावं घालायची?

जाईजुई_मिडवेस्ट

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेतल्या एका लहानशा काउंटीच्या फायनान्स खात्यात आहे. आमच्याकडे ग्रँट सांभाळणाऱ्या बाई निवृत्त झाल्या आणि त्यांचं सगळं बाड माझ्याकडे आलं. रस्ते-पुलांच्या ग्रँटची सवय आहे, पण त्यात 'स्कॅप' निघालं आणि तिथे घोडं अडलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: स्टेट क्रिमिनल एलियन असिस्टन्स प्रोग्राम. १९९४ च्या क्राइम कायद्यातून आलेली योजना, न्याय खात्याचं ब्यूरो ऑफ जस्टिस असिस्टन्स ती चालवतं. कागदपत्रांविना राहणारा परदेशी माणूस राज्याच्या किंवा स्थानिक कायद्याखाली आमच्या जेलमध्ये आला, तर त्याच्यावर पहारा देणाऱ्यांच्या पगाराचा काही भाग केंद्र सरकार भरून देतं. अट अशी की त्याला किमान एका फेलनीत (गंभीर गुन्ह्यात) किंवा दोन मिसडिमीनरमध्ये (किरकोळ गुन्ह्यांत) शिक्षा झालेली असावी आणि १ जुलै ते ३० जून या हिशोबाच्या वर्षात तो सलग ४ दिवस तरी आत असावा. जेवण, औषधपाणी, वीज यातलं काहीच धरत नाहीत.

आता माझी अडचण. जेलच्या सॉफ्टवेअरमधून यादी काढली तर त्यात 'जन्मदेश' हा रकाना आहे, इमिग्रेशन स्टेटसचा नाही. बुकिंगच्या वेळी, म्हणजे जेलमध्ये आणल्यावर नोंद करताना, माणूस जे सांगतो ते डेप्युटी (शेरीफचा शिपाई) टाइप करतो. ए-नंबर (इमिग्रेशन खातं परदेशी माणसाला देतं तो क्रमांक) निम्म्यांचे कोरे. आमच्यासाठी दरवर्षी हा अर्ज एक सल्लागार कंपनी भरते आणि मिळालेल्या रकमेवर टक्केवारी घेते. त्यांचं म्हणणं, "परदेशात जन्मलेले सगळे टाका, होमलँड सिक्युरिटीवाले चाळून घेतील." मला हे पटत नाही. यादीत भारतात जन्मलेले दोघे आहेत आणि त्यातल्या एकाच्या जप्त सामानाच्या पावतीवर चक्क 'अमेरिकन पासपोर्ट, १ नग' असं लिहिलंय! तो मनुष्य नागरिक आहे. त्याचं नाव मी या यादीत घालून पाठवायचं?

दुसरं, पगाराचा आकडा. जेलच्या पेरोल कोडखाली स्वयंपाकी, नर्स, क्लार्क सगळेच येतात. सगळे धरायचे की फक्त पहाऱ्यावरचे?

कुणी हे काम केलं असेल तर कृपया सांगा.

---

वऱ्हाडी_पाहुणा

ताई, मी बरीच वर्षं एका राज्याच्या तुरुंग खात्याच्या बजेटमध्ये होतो. तुमची शंका रास्त आहे. त्या कंपनीचं ऐकू नका.

जन्मदेश म्हणजे स्टेटस नव्हे. कायद्यात तीनच प्रकार आहेत: तपासणी चुकवून देशात शिरलेला, जेलमध्ये आला तेव्हा ज्याच्यावर हद्दपारीची कारवाई चालू होती तो, आणि व्हिसावर येऊन ज्याने तो स्टेटस टिकवला नाही तो. ग्रीनकार्डवाला (हद्दपारीचं प्रकरण चालू नसेल तर), वैध एचवनवाला, नागरिक झालेला, हे कुणीही यात बसत नाहीत. तुमचा पासपोर्टवाला तर नाहीच नाही.

होमलँड सिक्युरिटी चाळते हे खरं. तुम्ही पाठवलेली नावं पात्र, अपात्र आणि 'अज्ञात' अशी वेगळी होतात. अज्ञात म्हणजे ज्याची इमिग्रेशनकडे नोंदच सापडत नाही असा. त्यांना किती वजन द्यायचं हे वर्षागणिक बदलत आलंय, तेव्हा चालू वर्षाचंच सूचनापत्र वाचा. पण चाळणी पुढे आहे म्हणून आपण गोण्याच्या गोण्या ओतायच्या असं नाही. यादी आमच्या समजुतीप्रमाणे खरी आहे अशी सही तुमची काउंटी करते, ती कंपनी नाही. न्याय खात्याचे इन्स्पेक्टर जनरल या ग्रँटचं ऑडिट करतात आणि अपात्र कैदी किंवा फुगवलेला पगार सापडला की पैसे परत मागतात. तेव्हा टक्केवारीवाले कुठेच दिसत नाहीत.

पगाराचं सोपं आहे. ज्याचं मुख्य काम कैद्यांवर ताबा ठेवणं तो करेक्शनल ऑफिसर. स्वयंपाकी, नर्स, क्लार्क बाहेर. पेरोलवाल्यांकडून पदनामानुसार यादी मागवा, कोडनुसार नको.

हिशोब असा बसतो. समजा ऑफिसरांचा वर्षाचा पगार ६० लाख डॉलर आणि जेलमधल्या सगळ्या कैद्यांचे मिळून ७३,००० दिवस (रोजचे सरासरी २०० कैदी). म्हणजे एका कैद्याचा दिवस ८२ डॉलर १९ सेंटला पडला. पात्र कैद्यांचे दिवस १,१०० असतील तर साधारण ९०,४०० डॉलर. एकूण दिवसांत जेलमधला प्रत्येक माणूस मोजायचा, फक्त यादीतले नाहीत. तो आकडा कमी दाखवला की रोजचा दर आपोआप वाढतो, आणि ऑडिटर पहिला तिथेच बोट ठेवतो.

तुमच्या जेलमध्ये यूएस मार्शल (केंद्राचे कैदी सांभाळणारे) किंवा आयसीई (इमिग्रेशनची अंमलबजावणी करणारं खातं) यांनी भाड्याने ठेवलेले कैदी असतील तर त्यांना पात्र यादीत आणू नका. ते राज्याच्या गुन्ह्यासाठी आत नाहीत आणि त्यांचे पैसे तुम्हाला वेगळे मिळतातच.

---

पेठेतला_पोपट

म्हणजे ९० हजार खिशात? बरं आहे की.

---

वऱ्हाडी_पाहुणा

@पोपट, कसले ९० हजार! ठरलेल्या रकमेत सगळ्या अर्जदारांची वाटणी होते, म्हणून पदरात त्याचा तुकडाच पडतो. २००२ साली काँग्रेसने (इथल्या संसदेने) ५६.५ कोटी डॉलर दिले होते, पुढच्याच वर्षी ते २५ कोटींवर आले. २०२३ ला २३.४ कोटी. इकडे पगार थांबलेत का? आणि जे मिळेल ते तुरुंगाच्या कामावरच खर्चावं लागतं, काउंटीच्या बागेवर नाही.

---

सांजवेळ

मला हे वाचून कसंतरीच झालं. थोड्या पैशांसाठी माणसांची नावं इमिग्रेशनच्या हाती द्यायची? आपण सगळे इथे व्हिसावरच आलोय ना?

---

जाईजुई_मिडवेस्ट

सांजवेळ, तोच विचार माझ्याही डोक्यात होता, म्हणून तर विचारलं. पण बुकिंगच्या वेळी घेतलेले बोटांचे ठसे एफबीआयमार्फत होमलँड सिक्युरिटीकडे तसेही जातात. या यादीमुळे त्यांना नवीन कळतं ते थोडंच. ज्याचा काही संबंध नाही त्याचं नाव त्यात जाऊ नये, एवढं माझ्या हातात आहे.

---

वऱ्हाडी_पाहुणा

याला जोडूनच. २०१६ मध्ये न्याय खात्याने सांगितलं की इमिग्रेशनशी माहितीची देवाणघेवाण अडवू नये, असं सांगणारं कलम १३७३ स्कॅपलाही लागू आहे. तेव्हापासून अटी आणि हमीपत्रं यांवरून शहरं आणि केंद्र यांच्यात वाजत आलंय. तुमच्या काउंटीचं याबाबत काही धोरण असेल तर हमीपत्रावर सही होण्याआधी कागद काउंटीच्या वकिलाला दाखवा. ते फायनान्सवाल्यांनी अंगावर घेऊ नये.

---

सी_प्लसप्लस_काका

मी सॉफ्टवेअरवाला, ग्रँटमधलं कळत नाही. पण ए-नंबर नऊ आकडी असतो आणि जुन्यांच्या सुरुवातीला शून्य असतं. यादी एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केलीत की एक्सेल ते शून्य गिळतो. मग तो नंबर कुणाशीच जुळत नाही आणि पात्र माणूस 'अज्ञात'मध्ये जाऊन बसतो. रकाना आधी टेक्स्ट करा, मगच डेटा आत घ्या. आणि लॅटिन अमेरिकन लोकांना दोन आडनावं असतात. बुकिंगवाल्याने पहिलं आडनाव मधल्या नावात ढकललंय का ते डोळ्यांनी बघा.

---

जाईजुई_मिडवेस्ट

काका, आत्ता उघडून बघितलं. ए-नंबरच्या रकान्यात आठ आकडी नंबरांची रांगच लागली आहे. म्हणजे कंपनीने दिलेली फाईलच एक्सेलमधून फिरून आलेली. शेरीफच्या ऑफिसकडून मूळ एक्स्पोर्ट मागवते, आणि ज्यांच्या स्टेटसचा काहीच पुरावा नाही ती नावं काढून टाकते.

वऱ्हाडी, पेरोलला पदनामांची यादी मागितली आहे. अजून एक विचारू का? अर्जाचा पहिला भाग ग्रँट्स डॉट गव्हवर आणि बाकीचा न्याय खात्याच्या जस्टग्रँट्स या साइटवर, दोन्हींच्या मुदती वेगळ्या, हे कळलं. पण त्यासाठी सॅमची (केंद्राकडून पैसे घेणाऱ्यांनी जिथे नाव नोंदवायचं ती सरकारी साइट) नोंदणी चालू लागते आणि आमची या महिनाअखेरीस संपतेय. नूतनीकरणाचा अर्ज प्रलंबित असताना पहिला भाग भरता येतो का, की आधी ते मिटवावं लागतं?